संकेतस्थळ : आधी पाया, मग कळस

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकांस प्राप्त झाला आहे. मात्र सेवेची मुदत अर्ज पोचल्याखेरीज सुरू होत नाही. वर्धा जिल्ह्यातील आष्टी अथवा कारंजा तालुक्याच्या एखाद्या आडगावी भ्रमणध्वनीवर अर्ज भरला, परंतु ‘सादर करा’ ही कळ दाबूनही काहीच घडले नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो. असा दोष पुष्कळदा संकेतस्थळाच्या रचनेत दडलेला असतो.

तीन थर

संकेतस्थळाचे पान तीन थरांचे असते. मजकूर, दुवे व अर्जाचे रकाने एचटीएमएल या भाषेत लिहितात. रंगरूप सीएसएसने येते. आणि पानावरील तत्काळ हालचाली १९९५ मध्ये निर्माण झालेली जावास्क्रिप्ट घडविते. पहिले दोन थर सोशिक आहेत. त्यांतील न उमगलेला भाग ब्राउझर सोडून देतो व उरलेले पान दाखवितो. जावास्क्रिप्टचे तसे नाही. तिची फाईल वाटेत अडकली किंवा तीत एक चूक निघाली, तरी तिच्यावर विसंबलेले काम ठप्प होऊ शकते.

म्हणून प्रथम केवळ एचटीएमएलवर काम पूर्ण होईल अशी रचना करावी आणि मग तीवर सोयी चढवाव्यात, या पद्धतीस ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’, म्हणजे क्रमशः संवर्धन, असे नाव २००३ मध्ये मिळाले.

एक उदाहरण

अर्जात तालुका व गाव निवडावयाचे आहे असे समजू. जावास्क्रिप्ट चालत असेल, तर ‘सेलू’ निवडताच त्या तालुक्यातील गावांची यादी त्याच पानावर उमटते. ती चालत नसेल, तर ‘पुढे’ ही कळ दाबल्यावर सर्व्हर गावांचे दुसरे पान पाठवितो. एक पायरी वाढली, पण अर्ज पोचला. रकान्यांची तपासणीही सर्व्हरवर व्हावयास हवीच. कारण ब्राउझरमधील तपासणी सहज चुकविता येते.

हा प्रश्न मूठभरांचाच आहे काय? ब्रिटिश शासनाच्या डिजिटल सेवेने २०१३ मध्ये मोजणी केली, तेव्हा सुमारे ९३ भेटींमागे एका भेटीत जावास्क्रिप्टचा लाभ मिळाला नव्हता. विशेष हे की, त्यांतील बहुसंख्यांच्या ब्राउझरमध्ये ती सुविधा होती. ती केवळ त्या वेळी पोचली किंवा चालली नाही. म्हणजे उत्तम यंत्र बाळगणाऱ्यावरही ही पाळी येते.

आपण काय करावे?

नकाशा हलविण्यासारख्या काही गोष्टी जावास्क्रिप्टविना होत नाहीत, हे खरे. तेथे नकाशासोबत गावांची साधी यादी द्यावी. अधिकाऱ्यांनी संकेतस्थळाचे काम सोपविताना ‘जावास्क्रिप्टविना मूळ सेवा चालावी’ ही अट करारात घालावी. शिक्षक व पंचायत सदस्य यांनाही परीक्षा घेता येईल. संगणकावरील ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून आपल्या संस्थेचे संकेतस्थळ उघडावे. सूचना वाचता येते काय, दूरध्वनी क्रमांक सापडतो काय, अर्ज जाऊन त्याचा क्रमांक मिळतो काय, हे पाहावे.

तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ आले, तर पाया पक्का आहे असे समजावे. कळस त्यानंतर कितीही सुंदर चढविता येईल.