बरणीत मुरणारा चहा

"अगं, चहावर ही साय कसली आलीय? नासलाय वाटतं!" ओट्यावरची काचेची बरणी बघून शेजारच्या काकूंनी विचारलं. बुधवार पेठेतला आमचा जुना वाडा. एकीच्या ओट्यावर काय चाललंय, ते चौघींना कळायचंच. मी म्हटलं, "नासला नाही काकू, मुद्दाम आंबवलाय. याला कोम्बुचा म्हणतात."

नाव परकं असलं तरी, मैत्रिणींनो, रीत आपल्या विरजणाचीच. रशियात घरोघरी मोठ्या काचेच्या बरणीवर फडकं बांधून हा चहा ठेवत आणि त्याला 'चहाची अळंबी' म्हणत. वर येणारी जाड चकती मात्र अळंबी नव्हे. गोड चहातलं यीस्ट साखरेपासून मद्यार्क तयार करतं, जिवाणू त्या मद्यार्काचं आम्ल करतात आणि ती चकतीही तेच जिवाणू विणतात.

मला चकती नणंदेनं दिली, वाटीभर आंबट चहासकट. हा जुना चहा फार महत्त्वाचा, कारण नव्या चहात पहिल्या दिवसापासून आंबटपणा असला तरच वाईट जंतूंना थारा मिळत नाही. एक लिटर पाणी उकळून त्यात ८० ग्रॅम साखर आणि दोन चमचे साधी चहापूड घालावी (मसाल्याची नको, दूध तर मुळीच नको). दहा मिनिटांनी गाळून पूर्ण गार होऊ द्यावं. गरम चहात चकती टाकलीत तर मेलीच म्हणून समजा! मग चकती आणि निदान १०० मिलिलिटर जुना चहा घालून वर मलमलीचं दुहेरी फडकं घट्ट बांधावं. झाकण लावू नये, हवा लागते. आणि फडकं सैल राहिलं तर वासानं चिलटं जमतात. पुण्याच्या उन्हाळ्यात आठवडाभरात होतो, थंडीत दहा-बारा दिवस लागतात.

आता भांड्याविषयी. सासूबाईंनी मोठ्या मायेनं त्यांची रंगीत चिनी मातीची बरणी पुढे केली होती. मीही चहा ओतायच्या बेतात होते. पण ऑस्ट्रेलियातल्या एका जोडप्याची हकीकत वाचनात आली. चिनी मातीच्या भांड्यात आंबवलेला हाच चहा महिनोन् महिने पिऊन त्यांना शिशाची विषबाधा झाली होती. १९९८ साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. भांड्याच्या झिलईतलं शिसं आम्लानं चहात उतरलं होतं. प्रत्येक बरणी तशी नसते. पण झिलई कशाची, हे डोळ्यांना थोडंच दिसतं? सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून दोन दिवस गप्प बसले. मग म्हटलं, "आई, बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकतं ना, तसंच हे." त्यांना चटकन पटलं. संध्याकाळी आम्ही दोघी तुळशीबागेत जाऊन रुंद तोंडाची साधी काचेची बरणी घेऊन आलो. तांबं, पितळ, अॅल्युमिनियमही यासाठी वर्ज्यच.

पावसाळ्यात माझ्या एका बरणीवर हिरवट, केसाळ ठिपके आले. लोणच्यावरची बुरशी आपण कधी कधी काढून टाकतो, तसं इथं करू नका. चकतीसकट सगळं फेकायचं. तपकिरी धागे मात्र यीस्टचे असतात, त्यांना घाबरू नये.

हा चहा औषध म्हणून विकणारे पुष्कळ आहेत, पण माणसांवर सिद्ध झालेलं फारसं काही नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९९५ साली तो रोज पिणाऱ्या दोन बायका गंभीर आजारी पडल्या, एक दगावली. दोष चहाचाच, असं सिद्ध झालं नाही. तरी तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेनं निरोगी माणसासाठी दिवसाला सुमारे १२० मिलिलिटरचं प्रमाण सांगितलं. आमच्याकडे छोटी फुलपात्री आहेत, त्यात अर्ध्यापर्यंतच ओतते. गरोदर बाई, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना देऊ नये. साखर पुरती संपत नाही, तेव्हा मधुमेह्यांनी डॉक्टरांना विचारावं. थोडा मद्यार्कही उरतो. काकूंना हे सांगितल्यावर त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं, त्या दिवशी एकादशी होती!

तयार चहा बाटलीत भरताना वर जागा सोडावी आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवावी. बाहेर राहिली तर आतल्या वायूनं काच फुटू शकते.

सासूबाईंच्या बरणीत सध्या मेतकूट आहे.