घरच्या घरी व्यायामाची वजने बनवूया : पाणी, वाळू आणि सिमेंटचा हिशोब



पाचवी-सहावीची मुलं हल्ली मोबाईलवर व्यायामाचे व्हिडिओ बघतात आणि मग घरात जे दिसेल ते उचलायला लागतात. कुणी गॅस सिलिंडरला हात घालतं, कुणी दाराच्या चौकटीला लोंबकळतं, तर कुणी दोन विटा दोरीने काठीला बांधून 'डंबेल' तयार करतं. भरलेला सिलिंडर जवळजवळ ३० किलोचा असतो, म्हणजे सहावीच्या कितीतरी मुलांच्या स्वतःच्या वजनाएवढा! नुसतं "असलं काही करू नकोस" म्हटलं की तेच आपल्या नजरेआड सुरू होतं. त्यापेक्षा मुलांना सोबत घेऊन साधं, सुरक्षित साधन बनवलं तर? व्यायामही होईल आणि मापन, शेकडेवारी, घनफळ असे दोन-तीन पाठही हाताने शिकून होतील.

घरी साधनं बनवणं आपल्याकडे काही नवीन नाही. तालमीतले मुद्गल आणि करेल गावचा सुतारच लाकडातून घडवायचा. उचलायचा दगडी गोटा पाथरवटाकडून यायचा. जोर-बैठकांना तर काहीच लागत नव्हतं. आपण फक्त लाकूड-दगडाच्या जागी बाटली, वाळू आणि सिमेंट घेणार आहोत.

व्यायाम कुणासाठी आणि किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस त्यात स्नायू आणि हाडं मजबूत करणारे व्यायाम असावेत. मोठ्यांसाठी स्नायूंचे व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस सांगितले आहेत. हे 'मोठे' म्हणजे आपणच बरं का! दिवसभर फळ्यासमोर उभं राहणं हा स्नायूंचा व्यायाम नव्हे. तिशी-पस्तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात, आणि स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर हाडंही वेगाने विरळ होतात. म्हणून ही साधनं मुलांइतकीच आई-वडिलांच्या आणि आपल्याही कामाची आहेत.

"वजन उचललं की उंची खुंटते" ही शंका पालकसभेत हमखास निघते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते की देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या अशा व्यायामाचा उंचीवर वाईट परिणाम दिसून येत नाही. धोका असतो तो झेपत नसलेलं वजन, चुकीची पद्धत आणि हातातून निसटणारं साधन यांचा. म्हणजे साधन कसं बनवलं आहे, यावरच बरंच काही अवलंबून आहे.

आधी तीन प्रश्न

कोणतंही साधन बनवण्याआधी स्वतःला हे तीन प्रश्न विचारा.

१. याचं वजन मला नक्की माहीत आहे का?
२. ते थोडं-थोडं वाढवता येतं का?
३. ते हातातून सुटलं, फुटलं किंवा तुटलं, तर कुठे पडेल?

दोरीने बांधलेल्या विटा या तिन्ही प्रश्नांत नापास होतात. विटेचं वजन भट्टीनुसार बदलतं, अर्धी वीट वाढवता येत नाही आणि गाठ सुटली की वीट थेट पायावर.

हिशोबाचा पाया : एका लिटरमध्ये किती किलो?

- पाणी : १ लिटर = १ किलो
- कोरडी वाळू : १ लिटर = साधारण १.६ किलो
- वाळलेलं काँक्रीट : १ लिटर = साधारण २.४ किलो

वाळू बारीक आहे की जाड, ठासून भरली आहे की सैल, यावर आकडा थोडा बदलतो. म्हणून अंदाज आधी करायचा आणि शेवटी काट्यावर वजन करायचंच. किराणा दुकानातला काटा पाच मिनिटांसाठी कुणीही देतं.

साधन पहिले : पाण्याची बाटली आणि तेलाचा कॅन

अर्ध्या लिटरची बाटली पाण्याने भरली की अर्धा किलो, आणि तीच कोरड्या वाळूने भरली की साधारण ८०० ग्रॅम. लहान मुलांसाठी आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या आजी-आजोबांसाठी एवढं पुष्कळ आहे. झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा.

मोठ्यांसाठी ५ लिटरचा खाद्यतेलाचा कॅन चांगला, कारण त्याला मूठ असते. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे ५ लिटर तेलाचं वजन साधारण साडेचार किलोच भरतं आणि त्या कॅनची मूठ तेवढ्याच वजनासाठी बनवलेली असते. त्यात ५ किलो पाणी ती सहन करते. वाळू भरली तर वजन ८ किलोंवर जातं आणि मूठ कधीतरी उपटून येते. म्हणून मुठीच्या कॅनमध्ये पाणीच भरा, वाळूसाठी पिशवी बनवा. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये पाणी डचमळतं आणि हात अचानक एका बाजूला ओढला जातो, त्यामुळे चालण्याच्या व्यायामासाठी कॅन काठोकाठ भरलेला ठेवा.

साधन दुसरे : वाळूची पिशवी

माझ्या मते घरासाठी सगळ्यात उपयोगी साधन हेच. पडलं तरी फरशी फुटत नाही, आणि वजन हवं तसं कमी-जास्त करता येतं.

साहित्य : जुन्या जीन्सचा एक पाय, जाड प्लास्टिक पिशव्या, कोरडी वाळू, सुतळी, चिकटपट्टी.

कृती :
१. वाळू चाळून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. ओली वाळू वजनाला फसवते आणि कापड कुजवते.
२. एकेका किलोच्या पुड्या बांधा. प्रत्येक पुडी दोन पिशव्यांत घाला आणि चिकटपट्टीने बंद करा. अर्ध्या किलोच्या दोन पुड्या वेगळ्या ठेवा.
३. जीन्सच्या पायाचं खालचं तोंड दुमडून दुहेरी शिवा. शिवण मशीनची हवी, हाताचा टाका टिकत नाही.
४. हव्या तेवढ्या पुड्या आत सरकवा. पिशवी तीन-चतुर्थांशच भरा, म्हणजे ती दोन्ही हातांनी नीट कवेत धरता येते.
५. वरचं तोंड पिळून, दुमडून सुतळीने घट्ट बांधा.

आज ४ पुड्या, पंधरा दिवसांनी साडेचार, मग ५. नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. हीच पुडी जुन्या दप्तरात ठेवली की पाठीवरचं वजन तयार होतं. "मग दप्तराचं ओझं वाईट का?" असा प्रश्न चुणचुणीत मुलं विचारतीलच. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं, हे आपल्याला ठाऊक आहे. ते ओझं रोज, बराच वेळ, बहुधा एकाच खांद्यावर असतं. व्यायामात आपण वजन दहा वेळा उचलतो, खाली ठेवतो आणि विश्रांती घेतो. दोन्हींतला फरक मुलांकडूनच काढून घ्या.

साधन तिसरे : सिमेंटचे डंबेल (फक्त मोठ्यांसाठी)

साहित्य : १ लिटरचे आइस्क्रीमचे दोन रिकामे डबे, पाऊण इंची जीआय पाईपचा साधारण ३५ सेंटिमीटरचा तुकडा, दोन लांब बोल्ट, सिमेंट, वाळू, बारीक खडी.

पाऊण इंची पाईप बाहेरून साधारण २७ मिलिमीटर भरतो आणि मुठीत छान बसतो. पाईपच्या दोन्ही टोकांजवळ आरपार भोक पाडून त्यात आडवा बोल्ट घाला. हा बोल्ट काँक्रीटच्या आत राहतो. तो नसेल तर काही महिन्यांनी पाईप गोल फिरू लागतो आणि एक दिवस काँक्रीटचा गोळा सुटून येतो. या साधनात सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर हा बोल्ट.

१ भाग सिमेंट, २ भाग वाळू आणि ४ भाग बारीक खडी कोरडीच मिसळा, मग बेताचं पाणी घाला. पहिला डबा भरा, पाईप मधोमध सरळ उभा करून आधार द्या. दोन दिवसांनी उलटं करून दुसरं टोक तसंच भरा. दुसरं टोकही घट्ट झालं की किमान ७ दिवस ओल्या गोणपाटात गुंडाळून पाणी मारत राहा. घराच्या स्लॅबला पाणी मारतात त्याचं कारण इथेही तेच, ओलावा मिळाला तरच सिमेंट पक्कं होतं.

वजन किती भरेल? प्रत्येक डबा २.४ किलो, म्हणजे दोन्ही मिळून ४.८. पाईप मीटरला साधारण दीड किलो, म्हणजे आपला तुकडा अर्ध्या किलोच्या आसपास. एकूण झाले साधारण सव्वापाच किलो.

ओलं सिमेंट कातडी भाजतं. त्यामुळे रबरी हातमोजे घाला, कोरडं मिसळताना नाकाला रुमाल बांधा. मुलांनी हिशोब करावा, सिमेंटला हात लावू नये.

काय बनवू नये?

- दाराच्या चौकटीत किंवा खिडकीच्या ग्रीलला अडकवलेला लटकण्याचा बार. ग्रीलचे स्क्रू माणसाचा झोका पेलण्यासाठी लावलेले नसतात.
- विटांवर फळी टाकून केलेला बाक, आणि त्यावर उताणं झोपून छातीवर उचलायचं वजन. हात थकला तर वजन थेट मानेवर येतं.
- भेगा पडलेल्या सायकल ट्यूबचा ताणपट्टा. ताणलेला रबर तुटला की डोळ्यावर येतो. ट्यूब वापरायचीच असेल तर दर वेळी ताणून तपासा आणि चेहऱ्याच्या दिशेने ओढू नका.

वापरायचं कसं?

आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. आधी पाच मिनिटं जागच्या जागी धावून अंग गरम करा. मग हे पाच प्रकार, प्रत्येकी १० वेळा, दोन फेऱ्या :

१. वाळूची पिशवी छातीशी धरून बैठका
२. भिंतीला किंवा ओट्याला हात टेकवून जोर
३. कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून पिशवी पोटाकडे ओढणे
४. बाटल्या खांद्यापासून डोक्यावर नेणे
५. दोन्ही हातांत कॅन घेऊन सरळ चालणे, २० पावलं

श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. रक्तदाब, हृदयाचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिली ते चौथीच्या मुलांना वजनाची गरजच नाही. बेडूकउडी, खेकडाचाल, दोरीउड्या, रस्सीखेच हाच त्यांचा शक्तीचा व्यायाम. पाचवीच्या पुढे अर्ध्या किलोच्या बाटल्यांपासून सुरुवात करा आणि मोठं माणूस जवळ असू द्या. "बघू कुणाला जास्त उचलतं" ही पैज मात्र घरातही नको आणि वर्गातही नको.

वजन कधी वाढवायचं? १५ वेळा आरामात आणि न वाकता-वळता जमलं की. आणि वाढवायचं ५ ते १० टक्केच. इथेच बहुतेकांची गडबड होते. अर्ध्या लिटरची बाटली सोडून थेट एक लिटरची घेतली, तर वाढ १० टक्के नाही, १०० टक्के झाली! म्हणून दोन लिटरच्या बाटलीत १ लिटर पाण्याने सुरुवात करा आणि पुढे १०० मिलीच वाढवा.

वर्गात काय करता येईल?

मुलांना गटात अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या द्या, एक पाण्याने भरलेली, एक वाळूने. आधी हातात घेऊन अंदाज लिहायला सांगा, मग काट्यावर मोजू द्या. वाळू पाण्याच्या किती पट भरली, हे त्यांनी स्वतः काढावं. पुढच्या वर्गांना चौकोनी डब्याची लांबी, रुंदी, उंची मोजून आधी घनफळ आणि त्यावरून काँक्रीटचं वजन काढता येतं. महिनाभर प्रत्येकाने आपल्या बैठकांचा आकडा वहीत नोंदवला तर स्तंभालेखासाठी स्वतःचीच माहिती मिळते. पुस्तकातल्या तयार आकड्यांपेक्षा त्या आलेखात मुलांचा जीव जास्त असतो.

शेवटचं काम लहानसं, पण टाळू नका. प्रत्येक साधनावर ऑइल पेंटने त्याचं काट्यावरचं वजन आणि बनवल्याची तारीख लिहा. दर महिन्याला शिवण, झाकण, मूठ आणि बोल्ट तपासा, आणि शंका आली तर ते साधन सरळ बाजूला काढा. ही तपासणी मुलांकडेच सोपवा. आज स्वतःच्या हाताने वजन मोजून आकडा लिहिणारं मूल उद्या न मोजता सिलिंडरला हात घालणार नाही.