वाट कोण पाडतं?

या बाळांनो, जवळ बसा. सीबीडी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजच्या मागे जो डोंगर उभा आहे, त्याच्यावरची पायवाट तुमच्या ओळखीची आहे. सुटीच्या सकाळी तिच्यावर रीघ लागते. कॉलेजची पोरं, गुडघ्याला पट्टा बांधलेले आजोबा, पाण्याच्या बाटल्या सांभाळत चढणाऱ्या मावश्या, सगळे त्या एकाच हातभर रुंदीच्या वाटेनं वर जातात. माथ्याकडे फणसवाडी, चाफेवाडीसारखे आदिवासी पाडे आहेत. आपण फिरायला डोंगर चढतो, तिथल्या माणसांना रोजच्या कामासाठी चढउतार करावी लागते. वाट सगळ्यांची आहे. पण ती पाडली कोणी? आज याचीच गोष्ट सांगतो. या गोष्टीत आग आहे, पाऊस आहे, गाय आहे, मुंगी आहे आणि तुम्हीसुद्धा आहात.

आधी आगीचं ऐका. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडल्या आणि तापलेला लाव्हा वाहू लागला. तो एकदा वाहून थांबला नाही. एक लोंढा यायचा, पसरायचा, निवायचा, मग त्याच्यावर दुसरा. असे थरावर थर साचले. आजही हा काळा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलखावर पसरलेला आहे. प्रत्येक थराचा खालचा भाग हळूहळू निवला, म्हणून तो घट्ट आणि टणक झाला. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, तो सच्छिद्र राहिला. ऊनपावसानं सच्छिद्र भाग लवकर झिजतो, टणक भाग कडा होऊन उभा राहतो. म्हणून चढताना आधी छाती भरून येईल असा खडा चढ लागतो, मग जरा सपाटी, मग पुन्हा खडा चढ. दम खायला आपण जिथे टेकतो, त्या जागा लाव्हानं आधीच ठरवून ठेवल्या आहेत.

टेकलात की शेजारचा खडक नीट बघा. काळ्या दगडात कुठेकुठे पांढरे ठिपके दिसतील. ते जुने बुडबुडे. नंतर त्यांत पाणी झिरपलं आणि त्या पाण्यातल्या क्षारांचे स्फटिक तिथे तयार झाले. त्यांतल्या बऱ्याच खनिजांना झिओलाइट म्हणतात.

आता याहून नवलाची गोष्ट. घाटावर, सह्याद्रीच्या कड्यांत हे थर पोळ्यांच्या चवडीसारखे सपाट दिसतात. आपल्या भागात मात्र ते पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत या वाकण्याला आपल्या शेजारच्या पनवेलचंच नाव आहे. हा लाव्हा वाहत होता तेव्हा भारत आणि आज दूर हिंदी महासागरात असलेली सेशेल्स बेटं एकाच भूखंडाचा भाग होती. दोघांची ताटातूट होताना जमीन ताणली गेली आणि इकडची कड खाली वाकली, असं शास्त्रज्ञ सांगतात. तुमच्या पायाखालचा दगड त्या ताटातुटीचा साक्षीदार आहे.

डोंगर झाला. त्याच्यावर माती आली कुठून? त्याच दगडातून. पाणी, हवा, मुळं आणि डोळ्यांना न दिसणारे जीव दगड कुजवतात, आणि बोटाच्या पेराएवढी माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. पाऊस ती घडवायलाही मदत करतो आणि वाहूनही तोच नेतो. आपल्याकडे चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याचा टपोरा थेंब सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगानं जमिनीवर आदळतो. उघड्या मातीवर पडला की कण उडतात आणि उतारावर ते उडून जास्त करून खालच्या बाजूला सरकतात.

तुम्हाला वाटेल, झाडं आहेत ना, ती थेंब झेलतील. झेलतात, पण उंच झाडाच्या पानांवरून थेंब एकमेकांत मिसळून मोठे होऊन खाली पडतात. मातीला खरं वाचवतो तो पाचोळा. साग, ऐन, पळस यांची वाळकी पानं, खालचं गवत आणि झुडपं थेंबाचा मार स्वतःवर घेतात. मग पाणी सावकाश मुरतं. चालणाऱ्यांच्या पायांखाली हाच पाचोळा आधी चुरा होतो, मग माती दाबली जाते आणि पाणी मुरायची जागाच उरत नाही.

जोराचा पाऊस होऊन गेला की वाटेवर उकिडवे बसा आणि अगदी जवळून बघा. बारीक बारीक खडे मातीच्या चिमुकल्या खांबांवर उभे दिसतील. काही खांब नखाएवढे, काही बोटाच्या पेराएवढे. खड्यानं आपल्याखालची माती थेंबांपासून वाचवली, आजूबाजूची उडून गेली. खांबाची जेवढी उंची, निदान तेवढी माती तिथून गेलेली असते.

पाचोळ्याखाली काय दडलेलं असतं, हेही सांगतो. मृगाच्या आगेमागे जंगलात शेवळं उगवतात. आधी जमिनीतून नुसता फुलोरा वर येतो, पान मागाहून. फुलोऱ्याला कुजकट वास येतो, त्याला भुलून कीटक येतात आणि परागीभवन होतं. बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या विकतात आणि सोबत काकडाची आंबट फळं देतात, कारण शेवळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि नुसतं शिजवलं तर घसा खाजतो. एरवी मातीत झोपलेला त्याचा कंद वाटेच्या कडेलाच असू शकतो. वाट रुंदावली की त्याच्या डोक्यावर तुमचे बूट पडतात.

आता मुंगीकडे या. मुंगी चालताना मागे गंध सोडते. दुसरी त्या गंधावरून जाते आणि स्वतःचाही सोडते. १९८९ साली ब्रुसेल्सच्या शास्त्रज्ञांनी मुंग्यांसमोर वारूळ ते अन्न असे दोन पूल ठेवले, एक आखूड, एक लांब. सुरुवातीला मुंग्या दोन्हींवरून गेल्या. आखूड पुलावरच्या लवकर परतल्या, तिथे गंध आधी दाट झाला आणि थोड्या वेळात बहुतेक सगळ्या आखूड वाटेला लागल्या. हुकूम कोणीच दिला नाही. प्रत्येक मुंगीनं चालता चालता पुढचीला वाट दाखवली.

माणसांचंही असंच आहे. गवत जरा दबलेलं दिसलं की आपला पाय तिकडेच वळतो, आणि आपण गेलो की ते आणखी दबतं. फरक एवढाच की मुंगीला फारसं वजन नाही, आपल्याला आहे. आखूड वाट तिला फायद्याची, आपल्या डोंगराला जिवावरची.

गायीगुरं कशी चढतात पाहिलंय? सरळ नाही, आडवी तिरपी. चढ फार खडा असेल तर नागमोडी जाणंच शरीराला स्वस्त पडतं, हे माणसाच्या श्वासावर केलेल्या मोजमापांतूनही दिसलं आहे. जुनी पायवाट म्हणूनच वळणं घेत जाते. पण उतरताना कोणीतरी घाईत वळण सोडून आखूड वाटेनं सरळ खाली येतो. त्याच्या मागून दुसरा, मग दहावा. ती सरळ घळ पावसाला आयतीच मिळते, कारण पाण्यालाही सरळ खालीच जायचं असतं. एकदा पाणी त्या घळीत शिरलं की माती, मुळं, गोटे सगळं घेऊन जातं. मग झाडाची मुळं उघडी पडतात आणि एखाद्या पावसाळ्यात ते झाड कोसळतं.

खडकावर मातीचा थर पातळ, म्हणून पाणी मुरत कमी आणि धावतं जास्त. तासाभराच्या सरीनंही इथला ओढा अंगावर येतो. जुलै २०२४ मध्ये याच डोंगरावर साठेक माणसं पाण्यापलीकडे अडकली होती, त्यांना यंत्रणांनी सोडवून आणलं. पाऊस भरून आला असेल तर ओढा ओलांडायचा नाही. हे मी काळजीपोटी बजावून सांगतोय.

वाट सगळ्यांची म्हणजे तिचे काही रिवाज आहेत. चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, कारण मोडलेला दम पुन्हा जमवायला कष्ट पडतात. डोक्यावर ओझं असेल त्याला तर नेहमीच. बाजूला होताना दरीकडे नाही, डोंगराच्या अंगाला उभं राहायचं. पायाखालून दगड सुटला तर लाजायचं नाही, जोरात ‘दगड!’ म्हणून ओरडायचं. आणि चिखल असला तरी वाटेच्या मधूनच जायचं. बूट धुता येतात. कडेची माती गेली की तुमच्या आयुष्यात परत येत नाही.

वर पोचलात की दक्षिणेकडे बघा. खाडी, तिच्या काठची तिवरांची हिरवी कड आणि पलीकडे ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्‌घाटन झालेला विमानतळ. त्या सपाट जागेत उलव्याचा डोंगर होता, नव्वदेक मीटर उंच. आपल्या डोंगरासारखाच लाव्हातून घडलेला. विमानतळासाठी सुरुंग लावून तो काढला. तो यंत्रांनी काढला, सगळ्यांना दिसला. आपला डोंगर बुटांनी जातो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

तर बाळांनो, पुढच्या पावसानंतर फूटपट्टी घेऊन जा. वाटेवरच्या दहा खड्यांखालचे खांब मोजा, मग आखूड वाटेवरचे दहा मोजा आणि वहीत लिहून ठेवा. पाचोळ्यात खांब सापडतात का तेही बघा. मग आखूड वाटेच्या तोंडाशी पडलेली वाळकी फांदी आडवी टाका आणि तिच्यावर पाचोळा पसरा. मागून येणाऱ्याला तिथे वाट दिसणार नाही, तो आपोआप वळणावरून जाईल. वाट चालणारेच पाडतात, म्हणून चुकीची वाट मोडायचा हक्कही चालणाऱ्यांचाच आहे.