अलर्क रोगाचें निर्मूलन

आपल्या जोगेश्वरींत अशी गल्ली क्वचितच सांपडेल कीं, जिच्यांत दोनचार कुत्रे रहात नाहींत. कोणी त्यांस मोती म्हणून हांक मारितो, कोणी शिळी भाकरी घालितो, तर कोणी दगड उचलितो. हा प्राणी मनुष्याचा फार जुना सोबती खरा. परंतु त्याच्याच दांतांतून मनुष्यास जडणारा एक रोग असा आहे कीं, त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. कुत्रें पिसाळणें म्हणतात तें हेंच. जुन्या वैद्यकग्रंथांत या रोगास अलर्क व आधुनिक वैद्यकांत रेबीज असें नांव आहे. नवल असें कीं, इतका असाध्य असा हा रोग टाळण्यास मात्र सोपा आहे. तो एखाद्या सबंध प्रांतांतून हटवितां येतो काय, व येत असल्यास कसा, हें आपल्या शेजारच्या गोमंतकानें दाखवून दिलें आहे. ती हकीकत सांगावी, हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेंत या रोगाचे अतिसूक्ष्म विषाणु असतात. तें चावलें, किंवा त्याची लाळ जखमेस, डोळ्यांस अथवा तोंडास लागली, म्हणजे ते आपल्या शरीरांत शिरतात व मज्जातंतूंच्या वाटेनें हळूहळू मेंदूकडे चालूं लागतात. या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधीं आठवडाच पुरतो, तर कधीं वर्षही लोटतें. विषाणूंनीं मेंदू गांठला म्हणजे घशाचे स्नायु आंवळतात व पाणी पाहतांच रोग्यास धडकी भरते. सुश्रुतसंहितेंत या लक्षणाचें वर्णन असून, तें दिसल्यास रोग्याची आशा नाहीं असें सांगितलें आहे. रोग ओळखीचा होता. उपाय मात्र ठाऊक नव्हता.

तो उपाय फ्रान्समधील लुई पाश्चर यांनीं शोधून काढिला. १८८५ च्या जुलै महिन्यांत पिसाळलेलें कुत्रें चावलेला जोसेफ माइस्टर नांवाचा ९ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आणण्यांत आला. त्यास लस टोचण्यांत आली व तो जगला. विषाणु अद्याप वाटेंत आहेत तोंच शरीरास त्यांच्याशीं लढावयास शिकवावयाचें, हें या लसीचें मर्म होय.

परंतु मनुष्यास लस टोचल्यानें एक मनुष्य वांचतो. रोगाचें मूळ कायम राहतें. मनुष्यास हा रोग होतो तो शंभरांत ९९ वेळां कुत्र्यापासून. मग कुत्रेच मारून टाकावे, हा विचार सहज सुचतो, व मुंबईंत तो फार पूर्वीं अमलांत आणून पाहण्यांत आला. १८३२ च्या जून महिन्यांत पोलिसांनीं बेवारशी कुत्रे मारण्याचा सपाटा चालविला, तेव्हां कुत्र्यास पवित्र मानणारे पारशी लोक संतापले व कोटांत मोठा दंगा झाला. पुढेंही कित्येक दशकें कुत्रे मारण्याची रीत शहरांत चालू राहिली. पण कुत्रेही संपले नाहींत व रोगही संपला नाहीं. याचें कारण उघड आहे. जेथें उकिरडा तेथें अन्न, आणि जेथें अन्न तेथें एका कुत्र्याची रिकामी झालेली जागा दुसरा येऊन भरितो. हा नवा पाहुणा रोगी कीं निरोगी, हें कोणास ठाऊक? शेवटीं २००१ सालीं केंद्र सरकारनें नियम केले कीं, बेवारशी कुत्र्यांस मारण्याऐवजीं त्यांची नसबंदी करावी, त्यांस लस टोचावी व मूळ जागीं सोडावें. २०२३ सालीं हे नियम सुधारून नव्यानें काढण्यांत आले.

आतां गोव्याकडे वळूं. तेथें २०१३ सालीं ‘मिशन रेबीज’ या संस्थेनें कुत्र्यांस लस टोचण्याच्या कामास आरंभ केला, व पुढें राज्य सरकारही त्यांत सामील झालें. टोचणाऱ्यांच्या तुकड्या गांवोगांवीं व वाड्यावाड्यांतून फिरत. पाळलेला कुत्रा धन्याकडून धरवून व भटका कुत्रा जाळ्यांत पकडून ते त्यास लस टोचीत, अंगावर रंगाची खूण करीत व सोडून देत. कोठें किती कुत्र्यांस टोचलें याची नोंद जागच्या जागीं मोबाईल फोनवर होई. मागाहून त्याच भागांत फिरून खूण असलेले व नसलेले कुत्रे मोजीत, व शंभरांत निदान ७० कुत्र्यांवर खूण असावी असें पाहत. अशा रीतीनें वर्षास ९५,००० हून अधिक कुत्र्यांस लस मिळूं लागली. त्याबरोबरच दरसाल सुमारें १,५०,००० मुलांस या रोगाची माहिती देण्यांत आली. २०१९ पर्यंत कुत्र्यांतील रोगाचें दरमहाचें प्रमाण शंभरांत ९२ नीं घटलें, आणि मनुष्यांचे बळी जाणें थांबलें. २०२१ सालीं गोवा हें देशांतील पहिलें रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालें. येथें ‘नियंत्रित’ हा शब्द ध्यानांत ठेवावा. सिंधुदुर्गाकडून वा कारवाराकडून येणाऱ्या कुत्र्यास सीमेवरील नाका अडवीत नाहीं. म्हणून टोचण्याचें काम दरसाल करावेंच लागतें.

शंभरांत ७० च कां, असें कोणी विचारील. एक पिसाळलेला कुत्रा मरण्यापूर्वीं सरासरीनें एका किंवा फार तर दोन कुत्र्यांस रोग देतो. तो ज्यांस चावेल त्यांपैकीं बहुतेकांस लस टोचलेली असली, तर सांखळी तेथेंच तुटते. वास्तविक याहून कमी कुत्रे टोचूनही ती तुटली असती; परंतु कुत्र्याचें आयुष्य थोडें. वर्षाच्या आंत कित्येक मरतात व पुष्कळ नवीं पिलें जन्मास येतात; त्यामुळें आज ७० असलेला आंकडा वर्षअखेर बराच खालीं उतरतो. हा उतार जमेस धरून हें माप ठरविलें आहे.

मेक्सिको देशानें हाच मार्ग देशभर चोखाळला. तेथें १९९० सालीं कुत्र्यांपासून हा रोग झालेलीं ६० माणसें नोंदलीं गेलीं. १९९९ सालीं हा आंकडा ३ वर आला. आणि २०१९ सालीं, कुत्र्यांपासून होणाऱ्या या रोगाचे मृत्यु थांबविणारा पहिला देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें त्यास मान्यता दिली. आपल्या देशांत अद्याप दरसाल सुमारें ५,७०० माणसें या रोगानें मरतात, असा अलीकडील एका देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. २०३० पर्यंत हे मृत्यु थांबवावे, अशी राष्ट्रीय योजना सरकारनें २०२१ सालीं जाहीर केली. मुंबई महापालिकेच्या २०१४ च्या गणनेंत शहरांत सुमारें ९५,००० भटके कुत्रे आढळले होते. म्हणजे गोव्यानें एका वर्षांत जितके टोचले, जवळजवळ तितकेच. काम अवघड आहे, अशक्य नाहीं.

तें पुरें होईपर्यंत आपण काय करावें? कुत्रा चावला किंवा त्याची नखें लागून रक्त आलें, तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पूर्ण १५ मिनिटें धुवावी. तिखट, चुना, हळद असें कांहीं लावूं नये. नंतर लागलीच दवाखाना गांठावा. महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस विनामूल्य मिळते. जखम खोल असल्यास लसीशिवाय जखमेभोंवतीं एक निराळें औषधही टोचावें लागतें. डॉक्टर ज्या तारखा नेमून देतील त्यांपैकीं एकही चुकवूं नये. कुत्र्याचें काय होतें तें पाहूं आणि मग जाऊं, असें म्हणणें म्हणजे हातची संधि दवडणें होय.

शेवटीं आईबापांस एक विनंति आहे. संशयित जनावरांनीं चावलेल्यांपैकीं शंभरांत सुमारें ४० जण १५ वर्षांखालील असतात, आणि पुष्कळ मुलें ही गोष्ट घरीं लपवितात. कांहींस मार बसण्याचें भय वाटतें, तर कांहींस पोटांतील चौदा इंजेक्शनांचें. तीं इंजेक्शनें मेंढीच्या मेंदूपासून बनविलेल्या जुन्या लसीचीं होतीं व ती लस आपल्या देशांत २००५ पासून बंद झाली आहे. आतां दंडावर मोजक्याच टोचण्या घ्याव्या लागतात. म्हणून मूल रडत येवो वा गप्प राहो, त्यास रागें भरूं नका. जखम धुवा व त्यास घेऊन निघा. आणि मुलांनो, पायावरील लहानसा ओरखडाही घरीं सांगा. महापालिकेचे लोक लस टोचण्यास गल्लींत आले, तर त्यांस साह्य करा. कोणता कुत्रा कोठें निजतो व कोणाच्या हांकेस येतो, हें तुमच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक आहे?