शुगर ‘लो’ झाली? पेढा नको, साखरपाणी द्या!
रक्तातील साखर प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की मधुमेहींचे हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जेवण लांबले की हा धोका वाढतो. उपवासात तर अधिकच. घरचे मग घाईने पेढा किंवा चॉकलेट पुढे करतात. पण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. त्याऐवजी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजूनही ७० च्या खालीच? तेवढेच पुन्हा द्यावे. मात्र व्होग्लिबोज किंवा अकार्बोज सुरू असेल तर ग्लुकोज पावडरच हवी, कारण ही औषधे साध्या साखरेचे विघटनच लांबवतात. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.