पिवळ्या दिव्यामागचं कारण

तळोजा एमआयडीसीतल्या एका छोट्या मशिन शॉपमधली व्हीएमसी, म्हणजे व्हर्टिकल मशिनिंग सेंटर, जुनी आहे, पण स्टील अजून चोख कापते. पनवेलच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं तिला संगणकाशी जोडत होती. नवं मशिन नेटवर्कची तार घेऊनच येतं. आपल्याकडच्या लहान कारखान्यांत मात्र अशी जुनीच मशिनं जास्त दिसतात, म्हणून संशोधन इथूनच सुरू व्हायला हवं असं मला वाटतं.

मशिनच्या पॅनेलवर पंचवीस पिनांचा आरएस-२३२ पोर्ट आहे. हे मानक १९६० सालचं. त्यातून प्रोग्रॅम आत पाठवता येतो, पण दोन्हीकडचा वेग आणि पॅरिटी जुळली नाही तर पडद्यावर नुसती निरर्थक अक्षरं उमटतात. शिवाय मशिन चालू आहे की थांबलंय, हे त्या पोर्टवर आपोआप कळत नाही. म्हणून मुलांनी मशिनच्या डोक्यावरच्या तीन दिव्यांच्या खांबाकडे मोर्चा वळवला. हिरवा म्हणजे काम सुरू, पिवळा म्हणजे सायकल संपली, लाल म्हणजे अलार्म.

त्या दिव्यांना २४ व्होल्ट लागतात आणि त्यांची स्थिती वाचणारा मुलांच्या हातातला ईएसपी-३२ बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतो. थेट तार लावली तर बोर्ड जागीच जळणार. मधे ऑप्टोकपलर बसवायचा. त्याच्या पोटात एका बाजूला इवलासा एलईडी असतो, दुसऱ्या बाजूला प्रकाश पडला की चालू होणारा ट्रान्झिस्टर. दोहोंमध्ये विजेचा संबंध नाही, पलीकडे जातो तो फक्त उजेड. वायरमनने मेन स्विच पाडला, मीटर लावून पॅनेल थंड असल्याची खात्री केली आणि मगच मुलांना आत हात घालू दिला. ती शिस्त मला फार आवडली.

पुढचा पेच लुकलुकणाऱ्या दिव्याचा. पिवळा दिवा उघडझाप करायला लागला की संगणक प्रत्येक लुकलुकीला नवी घटना समजणार. मग काही सेकंदांतल्या उघडझापीला एकच घटना मानायचा नियम प्रोग्रॅममध्ये घालावा लागला. तिथून माहिती एमक्यूटीटी या निरोप पाठवण्याच्या पद्धतीने वायफायवरून संगणकाकडे जाते. दूरवरच्या तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी १९९९ मध्ये ही पद्धत तयार झाली. निरोप अगदी आटोपशीर असल्याने शॉपमधल्या अधूनमधून तुटणाऱ्या वायफायवरही ती निभावते.

संगणकाच्या पडद्यावर दिव्यांच्या रंगांच्या पट्ट्या उमटू लागल्या तेव्हा एक लांबलचक पिवळी पट्टी दिसली. मशिन रिकामं पडलं होतं, एवढं संगणकाने सांगितलं. कारण ऑपरेटरने सांगितलं: पहिला जॉब तपासायला गेलाय, ओके आल्याशिवाय पुढचा लावायचा नाही. त्याचा मोबाइलवर वेळ गेलेला नव्हता, तो नियमच पाळत होता.

अशा पट्टीवरून मालकाने कामगाराला जाब विचारला तर ते मोजमाप खोटं ठरतं. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब ही सर्वांसाठी खुली कार्यशाळा सुरू झाली, तिथेही यंत्रं गावातल्या माणसांच्या हाती देण्यावरच भर होता. तळोज्यातला पडदाही आधी ऑपरेटरचा असला पाहिजे, असं मी मुलांना आग्रहाने सांगितलं.

थांबण्याचं कारण ऑपरेटरलाच नोंदवता यावं म्हणून आता मशिनशेजारी पाच मोठी बटणं बसताहेत: इन्सर्ट बदल, सेटिंग, तपासणी, माल नाही, लाइट गेली. हातमोजे घालूनही दाबता आली पाहिजेत, म्हणून टचस्क्रीन बाद झाला. बटणांवरचे शब्द ऑपरेटरनेच सांगितले. सहावं बटण हवं का, यावर रात्रपाळीच्या ऑपरेटरशी बोलणं व्हायचं आहे.