बियाण्याच्या पिशवीवरील नाव

कुंडलिका नदीच्या एका बाजूस जुना आणि दुसऱ्या बाजूस नवीन जालना वसलेल्या या शहरातील मोंढ्याच्या परिसरात, मृग नक्षत्राच्या तोंडावर बियाण्यांचा जो व्यवहार चालतो, तो व्यापारशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अवश्य पाहावा, असे मला मनापासून वाटते. साबण, चहा, बिस्किटे यांच्या नाममुद्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या वस्तूंची परीक्षा गिऱ्हाइकाला त्याच दिवशी करता येते, आणि निवड फसली तर नुकसान होते ते चार पैशांचे. बियाण्याचा दाणा मात्र तळहातावर घेऊन कितीही निरखला, तरी त्यातून निपजणारे झाड कसे असेल याचा थांग लागत नाही, आणि लागतो तेव्हा पेरणीचा हंगाम उलटून गेलेला असतो. म्हणून येथे शेतकरी खरेदी करतो ती जितकी दाण्याची, तितकीच पिशवीवरील नावाची.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे आजची 'महिको', स्थापन केली. त्यांच्या उद्योगाच्या आरंभी 'पुसा सावनी' ही भेंडीची जात होती, आणि पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या, शेतकरी ज्याला केवडा म्हणतात, त्या रोगापुढे ती त्या काळी टिकून राहत असे. ही जात दिल्लीच्या सरकारी संशोधन संस्थेची. तेव्हा विक्रेत्याला आपले म्हणून जे देता येण्याजोगे होते, ते इतकेच, की बी शुद्ध असेल आणि उगवेल. पुढे १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या कीर्तीचे मूळ मला या साध्या हमीत दिसते.

संकरित वाणाचे गुण दुसऱ्या पिढीत जसेच्या तसे उतरत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक दरसाल दुकानाची पायरी चढते. ही विक्रेत्याची मोठी सोय खरी, पण तितकीच मोठी जबाबदारीही, कारण मागील खरिपाचा अनुभव गाठीशी बांधूनच ते पुन्हा आलेले असते. त्या अनुभवाची घडण जाहिरातीच्या कचेरीत होत नाही. जालना आणि शेजारच्या देऊळगाव राजा परिसरातील बीजोत्पादनाच्या शेतांत ज्या स्त्रिया सायंकाळी उमलण्यापूर्वीच्या फुलातील पुंकेसर हातांनी काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर नराचे पराग लावतात, त्यांच्या बोटांवर वाणाची शुद्धता अवलंबून असते. त्यांच्या ध्यानातून सुटलेल्या फुलात स्वपरागण झाले, की ते बी संकरित राहत नाही. नाममुद्रेचे मोल ठरवताना या मजुरीचा हिशेब क्वचितच मांडला जातो, आणि हा अन्याय आहे.

कापसाच्या बियाण्याची कमाल किंमत केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१५ च्या आदेशानुसार ठरते. तेव्हा किंमत चढवून प्रतिष्ठेचा लाभ उठवण्याची वाट कायद्याने बंद आहे. तरीही नावाजलेल्या वाणासाठी रांगा लागतात, कोठे जादा दराने विक्री होते, कोठे 'लिंकिंग' चालते, म्हणजे हव्या त्या पिशवीबरोबर नको असलेले खत वा औषध शेतकऱ्याच्या माथी मारले जाते. वर्षानुवर्षांच्या श्रमाने मिळवलेली पत अशा रीतीने दुकानाच्या गल्ल्यावर उधळली जाते, आणि ज्या कंपन्या याकडे कानाडोळा करतात त्या स्वतःचेच मुद्दल खातात.

१९६६ च्या बियाणे कायद्याखाली बियाण्याचे प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. निळ्या टॅगच्या 'प्रमाणित' बियाण्यामागे प्रमाणीकरण यंत्रणेची तपासणी उभी असते. 'सत्यप्रत' बियाण्याची ग्वाही मात्र उत्पादक स्वतःच लेबलावर देतो. खासगी कंपन्यांचे संकरित बियाणे प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारातच विकले जाते, म्हणजे येथे नाव स्वतःच जामीन राहिलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात, सदोष बियाण्याने पीक बुडालेला शेतकरी हा ग्राहकच होय आणि त्यास ग्राहक मंचाकडे दाद मागता येते, असा निर्णय दिला. अशी दाद मागताना पिशवी, तिचा टॅग, पक्की पावती आणि शिल्लक राहिलेले थोडे बी हाच पुरावा उपयोगी पडतो. म्हणून पेरणी आटोपताच पिशवी बांधावर टाकून देण्याची रीत शेतकऱ्यांनी सोडावी, आणि दुकानदाराने मागण्याची वाट न पाहता पावतीवर वाणाचे नाव व लॉट क्रमांक लिहून द्यावा.